दुसऱ्या पानावरचा सातवा मुद्दा

प्रथम तारखा, म्हणजे नंतर कोणी स्मरणशक्तीची सबब सांगू नये.

शाळा उघडल्यानंतरचा पहिला शनिवार. पालकसभा. नववीच्या पालकांना संमतीपत्र नावाचा एक कागद देण्यात आला. जबाबदार: मुख्याध्यापक, ज्यांनी तो वाचला नव्हता, आणि पालक, ज्यांनी तो न वाचता सह्या केल्या.

त्यापुढचा गुरुवार. उपक्रम सुरू. जबाबदार: पुण्याहून आलेल्या एका संस्थेच्या ताई.

गणपती बसण्याआधीचा सोमवार. शाळेत एक तक्रार अर्ज आवक झाला. जबाबदार: तक्रारदार. त्याचे नाव तीन महिने गुप्त ठेवण्यात आले.

अनंत चतुर्दशीनंतरचा पहिला गुरुवार. उपक्रम 'तूर्त स्थगित'. जबाबदार: पुन्हा मुख्याध्यापक, आणि त्यांच्या कागदावर 'मान्य' एवढा एकच शब्द लिहिणारे आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव. हे गृहस्थ बारामतीला राहतात आणि आमच्या शाळेत वर्षातून दोनदा येतात, दोन्ही वेळा हार घालून घेण्यासाठी.

आज जानेवारी आहे. तूर्त अजून संपलेले नाही.

या तारखांच्या मुळाशी एक मोटर आहे. विहिरीवर बसवतात तसली, तीन अश्वशक्तीची, वायंडिंग जळालेली. तिच्या आतल्या गाभ्याला चोवीस खाचा आहेत. त्यांपैकी निम्म्या माझ्या नातीने तांब्याच्या तारेने भरल्या आहेत, निम्म्या रिकाम्या आहेत. नात नववीत आहे. एप्रिलमध्ये नववी संपते आणि दहावीचे वर्ष सुरू झाले की आमच्याकडे मुलांना श्वाससुद्धा शिकवणीच्या वेळा सांभाळून घ्यावा लागतो. म्हणजे ती मोटर पुरी व्हायची तर या दोन-तीन महिन्यांत, एरवी कधीच नाही. मी जे काही पुढे लिहितो आहे ते या मुदतीसाठी.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आमचे गाव इंदापूर तालुक्यात, बावड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. ऊस आहे, दावणीला दोन गाई आहेत, पाहायला मुलगा आहे. मला काम नाही. म्हणून मी पत्रे लिहितो. बसथांब्याचे छप्पर, रेशनचे धान्य, उसाच्या ट्रॉल्यांना मागे लाल कापड नसणे, या सर्वांवर मी लिहिले आहे. गावातले लोक माझ्या ओट्यावर अर्ज लिहून घ्यायला येतात आणि पारावर जाऊन माझी नक्कल करतात. दोन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत.

त्या उपक्रमाचे फलकावरचे नाव फार लांब होते. सर्वांगीण, किशोर, जीवन, विकास हे शब्द त्यात होते आणि भोवती सूर्यफुले काढलेली होती. गावाने त्याला 'गुरुवार' म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झाले. गुरुवारी नववीची पुस्तके बंद. सकाळी मैदानातल्या लिंबाखाली मुले-मुली गोल करून बसत. ज्याला जे वाटेल ते त्याने बोलायचे आणि इतरांनी उत्तर न देता ऐकायचे. मग कधी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येऊन वयात येणे म्हणजे काय ते सांगत. त्यावरून दोन घरांत भांडणे झाली आणि मिटली. एकदा मुलांनी पिठले-भाकरी करून मुलींना वाढली. दुपारी मात्र प्रत्येकाने गावातल्या एका कामकऱ्याकडे जायचे. कोणी दूध संकलन केंद्रावर, कोणी सुताराकडे, कोणी रोपवाटिकेत, कोणी शिंप्याकडे. वर्षभरात एक वस्तू स्वतः पुरी करायची आणि मार्चमध्ये गावासमोर उभे राहून ती कशी केली ते सांगायचे.

हे सगळे त्या शनिवारच्या सभेत ताईंनी समजावून सांगितले. त्या प्रत्येक वाक्यात 'अवकाश' हा शब्द वापरत होत्या. मुलांना अवकाश, मनाला अवकाश, चुकांना अवकाश. माझ्या शेजारी बसलेल्या एका पालकाने मला कोपराने ढोसून विचारले, "आबा, ह्यो अवकाश म्हंजी जागा भाड्यानं घ्यायची हाय का काय?"

मी संमतीपत्र वाचले. सभेत ते वाचणारा मी एकटा होतो. तिसऱ्या ओळीत लिहिले होते की शाळा आवश्यक ती काळजी घेईल. मी उभा राहून विचारले की आवश्यक ती म्हणजे कोणती, ती कोण घेणार, आणि घेतली नाही तर उत्तर कोण देणार.

मुख्याध्यापक हसले. "आबा, प्रत्येक कागद कोर्टात न्यायचा नसतो."

मागून कोणीतरी म्हणाले, "सर, आबांस्नी लाल पेन द्या, न्हायतर सभा जेवनापतूर चालंल."

सगळे हसले. माझ्या मुलाने माझ्याकडे न बघता सही केली. नातीच्या नावापुढे काम लिहिलेले होते: मोटर वायंडिंग.

हे काम तिने स्वतः निवडले होते, हे मला नंतर कळले. गेल्या उन्हाळ्यात आमची मोटर जळाली तेव्हा ती वडिलांबरोबर फाट्यावरच्या दुकानात गेली होती. तिथे मिस्त्री जळकी तार ओढून काढत होता. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसले. आमच्या घरात कोणाला हे माहीत नव्हते, कारण ती बोलत नसे. बोलत नसे म्हणजे अक्षरशः. वर्गात प्रश्न विचारला की मान खाली. बाईंनी प्रगतिपुस्तकात तीन वर्षे एकच शेरा लिहिला होता: 'अबोल. सहभाग कमी.' तिची आई, माझी सून, पाहुण्यांना सांगे, "आमची जरा मंद हाय." हे ती पोरीसमोर सांगे.

नारळी पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी मी कोणाला न सांगता फाट्यावर गेलो. हेतू स्वच्छ होता. मला दोष शोधायचे होते.

दुकान म्हणजे पत्र्याची खोली. पुढे ट्रॉल्या, मागे गटार, दारात पाच-सहा मोटरी उघड्या पडलेल्या. आत पोत्यावर माझी नात बसली होती. केसांना फडके बांधलेले, दोन्ही पायांत मोटरीचा गाभा धरलेला. माझ्याकडे तिची पाठ होती.

मिस्त्री चाळिशीचा माणूस. त्याचे आजे-पणजे मेंढरे घेऊन घाट चढत उतरत, त्याच्या वडिलांनी कळप विकून जमीन कसली, आणि हा मोटरीत शिरला. त्याने मला पाहिले आणि हातातला ब्रश खाली ठेवला.

"या आबा. च्या का तपासणी?"

"तपासणी."

"मग च्या घिऊन तपासा. रिकाम्या पोटी तपासणी लई कडक व्हती."

मी नातीला हाक मारली. ती लाकडी साच्यावर तार गुंडाळत होती. तिने वळून न पाहता डावा हात वर केला आणि मोठ्याने म्हणाली, "थांबा. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस..."

मला गप्प बसा म्हणणारे प्रांत झाले, तहसीलदार झाले, एकदा तर आमदारही झाले. मी कोणाचे ऐकले नाही. त्या दिवशी मी दुकानाच्या उंबऱ्यावर उभा राहिलो आणि वेढे संपेपर्यंत तोंड उघडले नाही. मिस्त्रीला हसू आवरत नव्हते.

"माझा बाप मेंढरं मोजायचा, मी येढं मोजतो," तो म्हणाला. "एक कमी आलं तर दोन्हीकडं बोंब. पोरीला ते कळलं हाय. हात बी बारीक हाय तिचा, खाचंत बरूबर जातो. माझा ह्यो खोऱ्यासारखा."

मग नातीने मला दाखवले. इतके शब्द मी तिच्या तोंडून एका बैठकीत कधी ऐकले नव्हते. खाचेत आधी कागद बसवायचा, नाहीतर तार लोखंडाला लागून पुन्हा जळते. मग वेटोळे हळूहळू आत सरकवायचे, ओढायचे नाही. वरून बांबूची चीप ठोकायची. सगळ्या खाचा भरल्या की टोके जोडायची, दिवा लावून तपासायचे, मग रोगण ओतून उन्हात वाळवायचे. "आणि मग आबा, बटण दाबायचं. मिस्त्रीकाका म्हणत्यात, नीट भरली आसंल तर आवाज येतो आणि चुकली आसंल तर वास येतो."

मोटर मिस्त्रीची स्वतःची होती, भंगारातली. गिऱ्हाइकाची मोटर त्याने पोरीच्या हाती दिली नव्हती. हे मला पटले.

पण मला इतर गोष्टीही दिसल्या. डोळ्यांना चष्मा नव्हता. तपासणीच्या फळीवर उघड्या तारा होत्या. रोगणाच्या वासाने खोली भरली होती आणि खिडकी एक, तीही पोत्याने झाकलेली. प्रथमोपचाराची पेटी नव्हती. रस्ता ओलांडून देणारे कोणी नव्हते. आणि मी तिथे दोन तास बसलो, त्या वेळात शाळेचे माणूस तर राहोच, शाळेचे कुत्रेही फिरकले नाही. आवश्यक ती काळजी, तिसरी ओळ.

मी घरी येऊन पत्र लिहिले. चार मसुदे झाले. दोन पाने, सात मुद्दे. सहा मुद्द्यांत वरील त्रुटी, कलमवार, प्रत्येकीवर उपाय सुचवून. सातवा मुद्दा जसाच्या तसा देतो:

'उपरोक्त त्रुटी दूर करण्यात याव्यात. तथापि कोणत्याही कारणास्तव हा उपक्रम बंद करू नये. जी मुले वर्गात बोलत नाहीत त्यांना त्याचा उपयोग होत असल्याचे मी स्वतः पाहिले आहे.'

पत्र मी स्वतः शाळेत नेऊन दिले आणि माझ्या प्रतीवर पोच घेतली. शिक्का, सही, आणि लिपिकाच्या हाताने लिहिलेले: 'पाने दोन.' ही प्रत माझ्याकडे आहे.

गणपती आले आणि गेले. अनंत चतुर्दशीनंतरच्या गुरुवारी नात सकाळी केसांना फडके बांधून शाळेत गेली आणि दुपारी दुकानात न जाता इतर दिवसांच्या वेळेला परत आली. फडके हातात होते. तिने दप्तर ठेवले आणि गोठ्यात जाऊन बसली. दुपारी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मुख्याध्यापकांचा संदेश आला: पालकांकडून प्राप्त तक्रारीच्या अनुषंगाने गुरुवारचा उपक्रम तूर्त स्थगित करण्यात येत आहे, सर्वांनी सहकार्य करावे. त्याखाली पंधरा-वीस अंगठे. त्याखाली ताईंचा संदेश, हात जोडलेले चित्र आणि 'हा प्रवास खूप सुंदर होता.'

ताईंबद्दल मला इथेच काय ते म्हणून घेऊ द्या, कारण पुन्हा त्यांचे नाव काढायची माझी इच्छा नाही. आपण तीस मुलांना गोल करून बसवता, मनातले बोला म्हणता, कधी न बोललेली मुले बोलू लागतात, आणि मग एका संदेशावर आपण बॅग उचलून दुसऱ्या तालुक्यात सुंदर प्रवास करायला जाता. एकदा मुख्याध्यापकांच्या टेबलापुढे उभे राहून 'का' एवढे विचारावे असे आपल्याला वाटले नाही. मनाला अवकाश देणाऱ्यांच्या पाठीलाही कणा असतो अशी माझी समजूत होती.

मला त्या दिवशी जो संताप आला तो सगळा एका माणसावर आला: त्या तक्रारदारावर. मी गटावर लिहिले की तक्रार करणाऱ्याने समोर यावे, मुलांच्या आडून दगड मारू नयेत. मुख्याध्यापकांना पत्र लिहिले की त्याचे नाव जाहीर करा. उत्तर नाही. दुसरे लिहिले, तिसरे लिहिले. ऑक्टोबरच्या पालकसभेत उभा राहून मी विचारले, "कोण आहे तो? या सभेत बसला असेल तर त्याने माझ्याकडे बघावे." सगळे माझ्याकडेच बघत होते. मला वाटले, माझ्या आवाजामुळे.

सभेनंतर मुख्याध्यापकांना व्हरांड्यात गाठले.

"सर, माझ्या पत्रातल्या सूचनांचं काय झालं?"

"आबा, तुमचं पत्र आम्ही फार गांभीर्यानं घेतलं."

"मग चष्मे आले? पेटी आली?"

"सगळं वरती कळवलंय."

"आणि तक्रारदार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. आता मला कळते की ती नजर कशाची होती. तेव्हा मी ती भित्रेपणाची समजलो. "ते गोपनीय असतं, आबा," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून मोटरसायकलला किक मारली.

दिवाळीनंतरही उपक्रम सुरू झाला नाही. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उपक्रम बंद करण्यासंबंधीची टिप्पणी, आदेश आणि ज्या तक्रारीवरून तो बंद केला तिची प्रत द्यावी. डिसेंबरात एका दुपारी पोस्टमनने लखोटा आणून दिला. मी तो अंगणातच, चष्मा शोधायला आत न जाता, हात लांब धरून वाचला.

टिप्पणी पाच ओळींची होती. आधी माझे नाव. मग: 'विषय: गुरुवारच्या उपक्रमातील गंभीर त्रुटींबाबत तक्रार.' मग: 'उपक्रम बंद केल्यास तक्रारीचे कारण शिल्लक राहत नाही. सबब उपक्रम बंद करून तक्रार निकाली काढण्यास हरकत नसावी.' खाली मुख्याध्यापकांची सही. त्याखाली सचिवांचा शब्द: 'मान्य.'

सोबत तक्रारीची प्रत. माझे अक्षर. पहिले पान, मुद्दा एक ते चार. दुसरे पान नाही. तळाशी प्रमाणित केले होते: 'एकूण पाने एक.'

विषयाची ती ओळ मी लिहिली होती. ती कशी लिहिली हे सांगतो, कारण ते चुकून लिहिले गेलेले नाही. नोकरीत माझ्यासमोर रोज टपालाचा गठ्ठा येई. मी फक्त विषय वाचून कागद वेगळे करी. 'विनंती' असेल तर एका बाजूला, तिथे कागद महिनोन्महिने झोपत. 'तक्रार' असेल तर दुसऱ्या बाजूला, कारण तक्रारीला नोंद असते, मुदत असते, साहेबांना विचारणा होऊ शकते. म्हणून निवृत्तीनंतर ओट्यावर आलेल्या प्रत्येकाला मी एकच सल्ला दिला: विनंती लिहू नका, तक्रार लिहा, म्हणजे कोणीतरी वाचेल. पाणंदीचा रस्ता हवा असला तरी तक्रार, डांबाचा दिवा हवा असला तरी तक्रार. गावातल्या अर्ध्या अर्जांच्या कपाळावर हा शब्द मी लिहिलेला आहे. जे मला हवे होते, त्यावरही मी तोच लिहिला. आणि तक्रारीचा निपटारा करायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तक्रारीची वस्तूच नाहीशी करणे, हे मला माहीत नव्हते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. असे निपटारे मी माझ्या हाताने टंकलेले आहेत.

म्हणून जबाबदारांच्या यादीत तक्रारदार आहे तो मी. हे मी लपवत नाही. पण माझ्या चुकीने मुख्याध्यापकांची सुटका होत नाही. विषय वाचून कागद बाजूला ठेवणे हे कारकुनाचे काम. शाळा चालवणाऱ्याने पान उलटायचे असते.

नातीने तो लखोटा त्याच संध्याकाळी पाहिला. माझी पत्रे मोबाईलवर उतरवून देण्याचे काम तिचे आहे; हे एक पत्र मात्र मी तिला न दाखवता परस्पर दिले होते. तिने टिप्पणी वाचली, पान उलटून मागे पाहिले, परत वाचली. मग मी पुढे केलेली माझी पोच घेतलेली प्रत, दोन्ही पाने, वाचली.

"विषय तुमीच लिवला व्हता ना, आबा?"

"हो."

"आणि बंद करू नका, हे सातवं का लिवलं? पहिलं का न्हाय?"

मी तिला सांगू लागलो की पत्राची एक पद्धत असते, आधी वस्तुस्थिती, मग त्रुटी, मग शेवटी मागणी. सांगता सांगता माझे मलाच ते ऐकवेना. मग ती म्हणाली, "मला ठावं व्हतं. सर मला सप्टेंबरातच म्हणले, घरी इचार, तुझ्या आबांनीच बंद पाडलंय."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुमी तवा कुनालातरी शोधत व्हता. लई मोठ्यानं."

मुख्याध्यापक महाशय, माझ्यापासून जे गोपनीय होते ते आपण चौदा वर्षांच्या मुलीला सांगितले. तेही अर्धे. हा आपला दुसरा अपराध आहे आणि माझ्या लेखी तो पहिल्याहून मोठा आहे. तीन महिने ती पोर माझ्याच घरात, माझ्याच ताटाशेजारी बसून, मीच तिचा गुरुवार मोडला असे समजून जेवत होती. आणि पुन्हा बोलेनाशी झाली होती. सूनबाई म्हणत होती, "झाली पुन्यांदा पहिल्यासारखी."

मी मुलाला म्हणालो, शाळेचे राहू दे. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिला फाट्यावर नेतो, शेजारी बसतो, अंधार व्हायच्या आत परत आणतो. तो गाईची धार काढत होता. हात न थांबवता म्हणाला, "शाळंचं व्हतं तवा ती शाळंत गेल्यासारखं व्हतं, आबा. आता चौकात मोटरीच्या दुकानात पोरगी बसवली तर लोकं काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघतो."

"तुमीच लिवलंय की. फाटा वर्दळीचा, मुलगी एकटी, देखरेख न्हाय. मी वाचलंय. मुद्दा तिसरा."

पहिल्या पानावरचा होता तो. पहिले पान सगळ्यांनी वाचले आहे.

मागच्या आठवड्यात मी एकटा दुकानात गेलो. मिस्त्रीने कोपऱ्यातले पोते बाजूला करून गाभा दाखवला. निम्म्या खाचांवर बांबूच्या चिपा बसलेल्या, तार अजून चकचकीत. उरलेल्या खाचांत तिने कापून ठेवलेले कागद तसेच उभे होते. शेजारी तिचा लाकडी साचा, त्यावर पेन्सिलीने वेढ्यांचा आकडा.

"दोन गिऱ्हाइकांनी मागितला ह्यो गाभा," तो म्हणाला. "न्हाय दिला. म्या हात लावला तर एका दिसात भरीन. पण मग ती माझी मोटर झाली."

"किती दिवस ठेवशील?"

"उन्हाळ्याची पान्याची पाळी सुरू झाली की मोटरी जळाया लागत्यात, आबा. दुकानात पाय ठिवाया जागा ऱ्हात न्हाय. मार्चपतूर ठिवतो. त्येच्या म्होरं माझा बी इलाज न्हाय." मग जरा थांबून म्हणाला, "चष्मा आणलाय म्या. खिडकीबी उघडली. फळीवरच्या तारा झाकल्या. तुमच्या पत्रात व्हतं म्हणं. मला कुनी दाखवलं न्हाय पत्र, पोरीनं तोंडी सांगितलं, मागल्या म्हयन्यात फाट्यावरनं जाताना."

खिडकी खरोखर उघडी होती. भिंतीवरच्या खिळ्याला चष्मा टांगलेला होता, लहान मापाचा.

माझ्या सात मुद्द्यांपैकी ज्यांची अंमलबजावणी झाली ती या एका माणसाने केली, ज्याला मी ते पाठवलेच नव्हते. ज्या दोघांना ते वाचण्याचा पगार आणि मान मिळतो, त्यांनी त्यातला एकही केला नाही; आणि जे करू नका म्हटले होते, तेवढे मात्र केले.

माझी पुढची पत्रे मी विषयाच्या ओळीशिवाय लिहिणार आहे. हे कोणत्याही कार्यालयीन पद्धतीत बसत नाही. न बसो.

आता मागणी. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात झेंडावंदन आहे. गाव जमेल, पालक असतील, सचिव हारासाठी येतील. संचलन झाल्यावर मी उभा राहीन. आधी मी माझे पत्र वाचेन, विषयासकट, म्हणजे 'तो कोण' हे मी ऑक्टोबरात ज्या सभेत विचारले होते त्याच लोकांना त्याचे उत्तर माझ्याकडून मिळेल. मला कोणी हसले तर हसू द्या. मग मी दुसरे पान वाचेन, जे तुमच्या दप्तरात नाही आणि माझ्याकडे तुमच्या शिक्क्यासह आहे.

त्यानंतर मुख्याध्यापकांनी आणि सचिवांनी लोकांसमोर, ध्वनिक्षेपकावर, लेखी खुलाशाची सवलत न मागता, सांगावे. दुसरे पान वाचले होते का? वाचले असेल तर 'बंद करू नये' याचा अर्थ आपण काय केलात? वाचले नसेल तर ते कुठे आहे? मुलीला जे अर्धे सांगितले ते उरलेले अर्धे, तिचे नाव घेऊन, तिच्या वर्गासमोर, केव्हा सांगणार? आणि येत्या गुरुवारी नववीची मुले दुपारी आपापल्या कामावर जाणार की नाही?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात चालेल. सचिवांना तेवढ्याची सवय आहे. नात पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि मिस्त्रीला मी दुकान तासभर बंद ठेवून यायला सांगितले आहे. बोला.